चॅप्लिनचा 'तोतया' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की चार्ली चॅप्लिनसारखा वेष करून काम करणाऱ्या बिली वेस्ट या नटाच्या 1917 च्या 'द हॉबो' या मूकपटाची मराठीत ओळख लिहायचीय, तर त्याला चॅप्लिनचा तोतया म्हटलं तर चालेल का.

माझ्या मते नाही चालणार. तोतया म्हटलं की आपल्याला आठवतो तो पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव लावून उभा राहिलेला माणूस, 1776 साली त्याला देहदंड झाला. पेपरातही 'तोतया पोलीस' येतो तो फसवणाराच असतो. म्हणजे 'मी तोच आहे' असा दावा या शब्दात गृहीतच आहे, आणि वेस्टनं तसा दावा कुठे केला, त्याच्या फिल्मवर नाव बिली वेस्टच असायचं. मिशी, टोपी, काठी, चाल मात्र सगळी चॅप्लिनची, आणि समोर धिप्पाड खलनायकही तसाच हवा म्हणून ऑलिव्हर हार्डी (हो, लॉरेल-हार्डीतलाच, त्या जोडीच्या बऱ्याच आधीचा), म्हणजे चॅप्लिनकडे एरिक कॅम्पबेल जे करायचा ते इथे हार्डी करतो.

खरा तोतया बघायचा तर चार्ल्स अमाडोर हा मूकपटांतला नट. त्यानं पडद्यावर नावच 'चार्ली ॲप्लिन' घेतलं! चॅप्लिन कोर्टात गेला, 1925 मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला आणि 1928 मध्ये अपिलातही तोच टिकला. मुद्दा हाच होता की लोक फसतील.

मग वेस्टला काय म्हणायचं? बहुरूपी नको, तो रोज वेगळं रूप घेतो. डुप्लिकेट म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल हिरोच्या जागी उडी मारणारा. नकलाकार चालेल, पण आपल्याकडे नकलाकार म्हटलं की आधी आवाज डोक्यात येतो आणि इथे तर आवाजच नाहीये, जे काय आहे ते अंगात आणि कपड्यात. त्यासाठी आपला जुना शब्द आहे, सोंग. फक्त क्रियापद सांभाळायचं. 'सोंग करतोय' म्हटलं की ढोंग झालं, 'पैशाचं सोंग आणता येत नाही' म्हणतो तेव्हाही तेच, पण 'सोंग वठवलं' ही दाद आहे, दशावतारात एखाद्यानं छान काम केलं तर आपण असंच म्हणतो ना.

म्हणून मी तरी 'चॅप्लिनचं सोंग हुबेहूब वठवणारा बिली वेस्ट' असं लिहीन आणि तोतया हा शब्द अमाडोरसाठी ठेवीन.