मारिओ : आधी तिसरा भाग, मग ‘वर्ल्ड’

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या काकांनी सिंगापूरहून येताना निन्टेन्डो स्विच आणला आणि जुन्या गेम्सची वर्गणीही भरून दिली. त्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ आणि ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ हे दोन्ही आहेत. मी लहानपणी फक्त पहिला मारिओ खेळलोय. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून एक गेम शेवटपर्यंत खेळायचा ठरवलंय. माझा मित्र म्हणतो, ‘वर्ल्ड’ नंतर आला, त्यात सगळं सुधारलेलं आहे, तिसऱ्याच्या वाटेला जायची गरजच नाही. खरं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मित्राचं म्हणणं मला मान्य नाही. तिसरा भाग म्हणजे ‘वर्ल्ड’चा कच्चा खर्डा, असा समज बराच पसरलेला आहे आणि त्यामुळे एका फार मोठ्या गेमवर अन्याय होतो.

दोन्हींमध्ये अंतर आहे जेमतेम दोन वर्षांचं. तिसरा भाग जपानमध्ये २३ ऑक्टोबर १९८८ रोजी फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. ‘वर्ल्ड’ आला २१ नोव्हेंबर १९९० रोजी, सुपर फॅमिकॉम हे नवं यंत्र ज्या दिवशी विक्रीला आलं त्याच दिवशी. माणसंही तीच : शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि संगीताला कोजी कोंदो. त्याच हातांनी इतक्या कमी काळात दोन इतक्या वेगळ्या स्वभावाचे गेम घडवले, याचं मला अजून नवल वाटतं.

हा फरक उडण्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिसऱ्या भागाची पहिली स्टेज लावा. मशरूम खाऊन मारिओ मोठा झालेला असेल, तर पुढच्या एका ठोकळ्यातून पान तरंगत खाली येतं. ते पकडलं की त्याला रॅकूनचे कान आणि शेपूट येते. त्यानंतर लगेच पुढे मोकळी, सपाट जमीन आहे. तिथे एकही पाटी नाही, सूचना नाही. पण मोकळं मैदान दिसलं की मूल धावतंच. धावता धावता खालच्या पट्टीतले बाण एकेक करून पेटतात, शेवटचं ‘पी’ लुकलुकायला लागतं, मारिओ दोन्ही हात पसरतो. अशा वेळी उडीचं बटण दाबत राहिलं की तो थेट आकाशात जातो, आणि तिथे नाण्यांच्या रांगा आधीपासून वाट बघत असतात. तुमची मुलगी ते पहिल्यांदा करेल तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले असा. गेम मुलाला काही न बोलता कसं शिकवतो, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हे उडणं मात्र चार-पाच सेकंदांचंच. मग खाली यायचं आणि पुन्हा धावायला जागा शोधायची.

‘वर्ल्ड’मध्ये पानाऐवजी पीस मिळतं आणि मारिओच्या पाठीवर पिवळा केप येतो. वर गेल्यावर दिशेचं बटण मागे ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. खाली झेप, वर उसळी, पुन्हा झेप. घारीसारखं. हा ताल हाताला बसला की अख्खी स्टेज पायांखालून निघून जाते आणि शत्रू खाली बारीक दिसत राहतात. मी ‘वर्ल्ड’ पहिल्यांदा खेळले ते २००४ च्या दिवाळीत, गेम बॉय ॲडव्हान्सवर. केप जमल्यावर पहिले दोन दिवस मी धुंदीत होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, आपण काही खेळतच नाही आहोत, नुसत्या स्टेजा ओलांडतोय.

माझं हे वाटणं चुकीचं होतं, ते डोनट प्लेन्स या भागातल्या पहिल्या स्टेजमध्ये कळलं. त्या स्टेजमध्ये एक किल्ली आहे आणि किल्लीचं एक भोक आहे. किल्ली तिथपर्यंत नेली की स्टेज दुसऱ्याच दाराने संपते आणि नकाशावर नवी वाट उमटते. संपूर्ण गेममध्ये बाहेर पडायचे असे ९६ मार्ग आहेत. वरून उडत गेलात तर स्टेज संपवणारी शेवटची पट्टी हाती लागेल, पण ती किल्ली मागेच राहील. फॉरेस्ट ऑफ इल्युजन नावाचं जंगल तर असं रचलंय, की सरळ मार्गाने स्टेजा संपवत राहिलात तर तुम्ही गोल गोल फिरत राहता. आडवाट शोधल्याशिवाय जंगल तुम्हाला सोडत नाही. उडायला मोकळीक देऊनही माणसाला जमिनीवर बारकाईने बघायला लावायचं, ही ‘वर्ल्ड’ची खरी कमाई आहे.

आता तिसऱ्याची श्रीमंती ऐका. त्यातल्या स्टेजा लहान आहेत, काही तर मिनिटभरात संपतात. पण बहुतेक प्रत्येकीत एक स्वतंत्र कल्पना आहे, आणि ती जुनी व्हायच्या आत स्टेज संपते. वाळवंटातल्या एका स्टेजमध्ये कोपऱ्यात सूर्य दिसतो. आपण त्याला चित्रच समजतो, आणि अर्ध्या वाटेवर तोच सूर्य झोकांडी घेऊन अंगावर येतो. चौथ्या जगात, म्हणजे स्टेजांच्या चौथ्या गटात, ओळखीची कासवं, पाइप, विटा सगळं अवाढव्य झालेलं. पाचव्या जगातल्या तिसऱ्या स्टेजमध्ये एका गुंबाकडून, म्हणजे मशरूमसारख्या दिसणाऱ्या छोट्या शत्रूकडून, त्याचा हिरवा बूट हिसकावून घेता येतो आणि त्यात बसून काट्यांवरूनही टणाटण उड्या मारता येतात. हा बूट पूर्ण गेममध्ये फक्त त्या एकाच स्टेजमध्ये आहे. दुसऱ्या कुणी त्या बुटावर अख्खा गेम उभा केला असता. यांनी तो एकदाच दिला आणि पुढे निघून गेले. मला तिसरा भाग आवडतो तो या उधळेपणासाठी.

‘वर्ल्ड’मध्ये असं दर पावलाला होत नाही. व्हॅनिला डोमच्या गुहांमध्ये मला दरवेळी रेंगाळल्यासारखं वाटतं. अर्थात किल्ले (गड) रचण्यात तिसराही कमी पडतो. प्रत्येक लहान किल्ल्याच्या शेवटी तोच बूम-बूम नावाचा राक्षस हात फिरवत येतो आणि त्याच तीन उड्यांत हरतो.

एक मोठा फरक यंत्रामुळे पडला. मूळ तिसऱ्या भागात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. मी तो सांगलीला मामाच्या घरी खेळले. फॅमिकॉमची नक्कल असलेलं यंत्र होतं, आम्ही त्याला नुसतं टीव्ही गेम म्हणायचो. कॅसेट फुंकून लावायची आणि मेलं की रिमोट दुसऱ्याकडे द्यायचा. एका दुपारी मी आणि मामेभाऊ तीन जगं पार करून चौथ्यात पोचलो, सगळी पोरं मागे उभी होती, आणि वीज गेली. तासाभराने ती आली तेव्हा पडद्यावर पुन्हा पहिलं जग. मामेभाऊ काही बोलला नाही, उठून विहिरीकडे निघून गेला. तिसरा भाग एका बैठकीचा आहे, हे तेव्हा अंगाला कळलं. स्टेजा आखूड का आहेत, त्याचंही उत्तर मला यातच दिसतं.

‘वर्ल्ड’च्या कॅसेटमध्ये बॅटरी होती. किल्ला किंवा भुतांचं घर पार केलं की तो विचारतो, जपून ठेवू का? म्हणून त्याला ९६ वाटा परवडल्या. उद्या परत यायची खात्री असेल तरच माणूस आडवाटेला शिरतो.

तुमच्याकडे स्विच आहे, म्हणजे विजेचं भय नाही. दोन्ही गेम हव्या त्या क्षणी थांबवून तिथूनच पुढे सुरू करता येतात. ही सोय दिवसाचा खेळ आटोपताना वापरा. प्रत्येक उडीआधी जपून ठेवलं तर तिसऱ्या भागातली छातीतली धडधड निघून जाईल.

तर माझं मत : तिसऱ्यापासून सुरुवात करा. एक कारण हाताचं. तिसऱ्याला दोनच बटणं लागतात, एक धावायचं आणि एक उडी मारायचं. ‘वर्ल्ड’मध्ये गिरकीच्या उडीला वेगळं बटण आहे, मारिओ ज्याच्यावर बसतो त्या योशी डायनासोरची जीभ आहे, वस्तू वर फेकणं आहे. दुसरं कारण तुम्ही दोघं. दोघांच्या खेळात एकाची स्टेज संपली किंवा तो मेला, की पाळी दुसऱ्याची. शिवाय तिसऱ्या भागात नकाशावर दुसरा खेळाडू उभा असलेल्या चौकोनात जाऊन खेळ सुरू केला, तर बाप-लेकीची थेट झुंज लागते आणि त्यात स्टेजच्या शेवटी मिळणारे एकमेकांचे पत्तेसुद्धा पळवता येतात. मुलगी हे एकदा शिकली की तुम्हाला सोडणार नाही. ‘वर्ल्ड’मध्ये उलट आहे. तिथे नकाशावर एकजण आपल्या लाइफ दुसऱ्याला देऊ शकतो. आधी भांडून घ्या, मग ‘वर्ल्ड’मध्ये एकमेकांना सांभाळा.

आणि खरोखरच एकच खेळायचा असेल, तर तिसरा.

प्रश्न : ‘मारिओ ३’मध्ये शिट्ट्या असतात, त्या वाजवल्या की पुढच्या जगात जाता येतं, असं मुलाला मित्रांनी सांगितलंय. वापरू द्याव्यात का? शिवाय त्याने कुठेतरी ऐकलं, की तो अख्खा गेम म्हणजे एक नाटक आहे. यात काही तथ्य?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : शिट्ट्या तीन आहेत. दोन पहिल्याच जगात आणि एक दुसऱ्यात. पहिल्या खेळात मी त्या वाजवू देणार नाही. एका शिट्टीने नकाशाबाहेरच्या बेटावर जाता येतं, तिथेच दुसरी वाजवली की थेट आठवं जग. तिथे रणगाड्यांची रांग वाट बघत असते आणि झोळीत काहीच नसतं. मुलगा पाचेक वेळा हरेल आणि गेम बंद करेल. मधली सहा जगं त्याने पाहिलेलीच नसतील, बूटही नाही आणि राक्षसी कासवंही नाहीत.

पण शिट्टी शोधू जरूर द्या, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पहिल्या जगाच्या तिसऱ्या स्टेजमध्ये शेवटाकडे एक पांढरा ठोकळा आहे. त्यावर उभं राहून खालचं बटण काही सेकंद दाबून धरलं, की मारिओ देखाव्याच्या मागे पडतो. झुडपं, ठोकळे सगळं त्याच्या पुढे आणि तो पाठीमागून धावतोय. तसाच धावत शेवटाच्या पलीकडे गेला, की शिट्टी मिळते.

आता नाटकाच्या डोळ्यांनी बघा. गेम सुरू होताना पडदा वर जातो. रंगीत पाट्या मागच्या भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या दिसतात. आकाशात ठोकळ्यांच्या सावल्या पडतात, आणि खऱ्या आकाशावर सावली कशी पडेल? काही फळ्या वरून टांगलेल्या आहेत. बहुतेक स्टेजांच्या शेवटी देखावा संपतो, काळोखी जागा येते आणि मारिओ तिच्यातून चालत निघून जातो. आपण ज्याला विंगेत जाणं म्हणतो, तेच. मियामोतो यांनी २०१५ मध्ये ही गोष्ट खरी असल्याचं मान्य केलं. तुमच्या मुलाने ऐकलं ते बरोबर आहे. पांढऱ्या ठोकळ्यावरून मारिओ पडतो तो सेटच्या मागे.

‘वर्ल्ड’मध्ये मात्र पडदा नाही आणि स्क्रूही नाहीत. तिथे नाटकाची जागा एका प्रदेशाने घेतली आहे, आणि आपण केलेलं त्या प्रदेशाच्या लक्षात राहतं. किल्ला पाडला की नकाशावरही तो पडलेलाच राहतो. पिवळं, हिरवं, लाल, निळं अशी चार बटणं चार महालांत लपलेली आहेत. त्यातलं एक दाबलं की त्या रंगाचे ठोकळे सगळ्या स्टेजांमध्ये भरून येतात, जिथे आधी नुसत्या तुटक रेषा होत्या.

माझ्या भाचीने ‘वर्ल्ड’ गेल्या वर्षी पूर्ण केला. त्यातल्या चीज ब्रिज या स्टेजमध्ये शेवटच्या पट्टीच्या खालून पलीकडे गेलं तर गुप्त वाट सापडते. सोपा मार्ग म्हणजे योशीवरून उडी मारून त्याला खाली दरीत सोडून द्यायचं. तिने साफ नकार दिला. “तो किल्ल्याबाहेर माझी वाट बघत थांबतो, मावशी,” म्हणाली. मग चार संध्याकाळी बसून केपची ती झेप शिकली आणि पट्टीखालून उडत पलीकडे गेली. पुढे स्टार वर्ल्ड हा गुप्त प्रदेश, त्यामागे लपलेल्या आठ अवघड स्टेजा. त्या संपवल्या की सगळ्या नकाशावर शरद ऋतू येतो, हिरवळ तांबूस होते आणि कासवं मारिओचे मुखवटे घालून हिंडतात. तिने तो रंग बघितला आणि काही न बोलता परत अगदी पहिल्या स्टेजवर गेली, तिथलं गवत कसं दिसतंय ते बघायला.