शाई ओली असलेली नोंद

प्रश्न : काका, मी विजेच्या सबस्टेशनमधल्या ऑटोमेशनचं काम बघते. रिले (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण) आणि आरटीयू (सबस्टेशनची माहिती नियंत्रण कक्षाला पाठवणारं उपकरण) यांच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी आम्ही एक्सेलमध्ये लिहून ठेवतो. एक विक्रेता म्हणतो, हे सगळं ब्लॉकचेनवर न्या, हॅकिंगची काळजी मिटेल. खरं का? – एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : काळजी मिटणार नाही. तरी त्याला चहा पाजा, ऐकून घ्या.

माझं आयुष्य रिले टेस्टिंगमध्ये गेलं. एका सबस्टेशनला रिले चाललाच नाही आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. चौकशीला गेलो तर रजिस्टरात टेस्टिंगची नोंद हजर, तारीख मागच्या महिन्याची. बोट फिरवलं, शाई बोटाला लागली!

ब्लॉकचेनचा, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वहीचा, उपयोग इथेच. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो आणि वहीच्या प्रती वीज निर्मिती, पारेषण, वितरण कंपन्या, उपकरण बनवणारा अशा सगळ्यांकडे. त्रुटी कधी कळली, पॅच (त्रुटीची दुरुस्ती) कधी आला, कोणी लावला, हे मागाहून गुपचूप बदलता येत नाही. उत्पादकानं फर्मवेअरचा (उपकरणातल्या सॉफ्टवेअरचा) हॅश, म्हणजे असाच ठसा, तिथे नोंदवला, तर तुमच्या हातातली फाईल तीच आहे का, हेही ताडून बघता येतं.

पण ही वही सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवत नाही. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये चोर ईमेलमधून शिरले, पासवर्ड पळवले आणि ऑपरेटरच्याच स्क्रीनवरून ब्रेकर (वीज तोडणारे मोठे स्विच) उघडले. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. तिथे वही काय करणार?

त्रुटीचा तपशील मात्र या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, टाकू नका. पॅच न लावलेल्या रिलेंची यादी म्हणजे चोराला घराचा नकाशा, आणि तो पुसताही येत नाही. साखळीवर हॅश, तपशील आपल्या कपाटात. साखळीही ओळखीच्या सभासदांचीच हवी. बिटकॉइनच्या खुल्या साखळीत एक ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा) साधारण 10 मिनिटं घेतो. ट्रिपचा (ब्रेकर उघडण्याचा) हुकूम काही मिलिसेकंदांत पोचावा लागतो, म्हणून त्या वाटेत साखळी नकोच. सायबर घटना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला 6 तासांत कळवायची, हा 2022 चा नियम वेगळाच. तो पाळावाच लागतो.

वहीत फक्त तुमचीच कंपनी लिहिणार असेल, तर डिजिटल सही केलेला साधा डेटाबेस पुरे. उगाच खर्च कशाला?

आणि खरी अडचण तुम्हाला ठाऊक आहेच. पॅच लावायला शटडाउन (उपकरण बंद ठेवायची मुभा) लागतो, मे महिन्यात तो कोण देतो? म्हणून ‘शटडाउन मागितला, नाकारला, कोणी’ असा एक रकाना आधी त्या एक्सेलमध्येच घाला. विक्रेता नंतर बघू.