लार्ज कॅप फंडाचा १.७ टक्के खर्च म्हणजे नक्की किती, आणि त्याच्या बदल्यात आपल्याला काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजर बाईंनी एक लार्ज कॅप फंड (मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा) सुचवलाय, दरमहा दहा हजारांची एसआयपी, वीस वर्षांसाठी. फॅक्टशीटमध्ये रेग्युलरचा (एजंट किंवा बँकेमार्फत घेतल्यास) खर्च १.७ टक्के आणि डायरेक्टचा (थेट फंडाकडून घेतल्यास) ०.८ टक्के दिसतो. त्यावर बाई म्हणाल्या, एवढ्याशा टक्क्यानं काय होतंय. शिवाय स्ट्रॅटेजीपुढे 'बॉटम-अप पद्धत, दर्जेदार कंपन्या, वाजवी भाव' असं लिहिलंय आणि त्यावरून काहीच बोध होत नाही.

मी सल्लागार नाही, हिशेबनीस आहे. नौपाड्यात राहतो, तुर्भ्याला नोकरी, म्हणजे रोज तुमच्या ऐरोलीवरूनच जातो. पण हे दोन प्रश्न मलाही छळत होते आणि त्यात मी थोडे पैसेही घालवलेत, म्हणून लिहितोय.

आमच्या सोसायटीच्या सभेत मेंटेनन्स महिना दोनशे रुपयांनी वाढवायचा ठराव आला तेव्हा दीड तास भांडण झालं. लिफ्टच्या कंत्राटाची कागदपत्रं मागवली गेली, वॉचमनच्या चहाचा हिशेब निघाला. त्याच सभेत बसलेल्या निम्म्या लोकांचे म्युच्युअल फंड आहेत. फंडाला वर्षाला किती रुपये देता असं विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही. कारण सोपं आहे: फंडाचं बिल कधी घरी येत नाही.

ते रोज कापलं जातं. फंडाकडचे सगळे शेअर आणि रोकड यांची त्या दिवसाची किंमत काढतात, त्यातून वर्षाच्या खर्चाचा एका दिवसाचा वाटा वजा करतात आणि उरलेल्या रकमेला युनिटांनी भागतात. रात्री जाहीर होते ती एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ही अशी खर्च जाऊन उरलेली. तुमचे दहा लाख जमले असतील तर १.७ टक्क्यानं वर्षाचे सतरा हजार, म्हणजे रोजचे सत्तेचाळीस रुपये. रविवारीसुद्धा. बाजार पडला त्या दिवशीसुद्धा. आणि हा टक्का तुमच्या नफ्यावर नसतो, पूर्ण रकमेवर असतो, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. फंडानं वर्षभरात काहीच कमावलं नाही तरी सतरा हजार गेलेच.

या खर्चाला सेबीनं (शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणारी संस्था) वरची मर्यादा घातलेली आहे आणि फंड मोठा होईल तशी ती उतरते. एप्रिल २०१९ पासून लागू झालेले टप्पे असे होते: पहिल्या ५०० कोटींवर २.२५ टक्के, पुढच्या २५० कोटींवर २, पुढच्या १,२५० कोटींवर १.७५, पुढच्या ३,००० कोटींवर १.६०, त्यापुढच्या ५,००० कोटींवर १.५०, आणि असंच खाली. दहा हजार कोटींच्या फंडाला हे लावून बघितलं तर सरासरी १.६१ टक्के येते. सेबी हे नियम मधूनमधून बदलते, त्यामुळे आजचा आकडा फंडाच्या संकेतस्थळावरच बघा. तिथे तो रोजच्या रोज टाकावा लागतो. शेअरची खरेदी-विक्री करताना लागणारी दलाली आणि कर मात्र या आकड्यात सगळेच्या सगळे दिसत नाहीत. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता १.७ आणि ०.८ मधला फरक. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअर तेच. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन मिळतो, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. रेग्युलरमध्ये ते असतं आणि तुम्ही गुंतवणूक ठेवाल तितकी वर्षं दरवर्षी जात राहतं. त्याआधी वेगळीच तऱ्हा होती, पैसे भरतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत एन्ट्री लोड कापायचे. ऑगस्ट २००९ मध्ये ते बंद झालं. आता शंभरातले शंभर गुंतवले जातात (खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क जातं, ते सोडून देऊ), पण नंतर दरवर्षी कात्री चालते.

'एवढ्याशा टक्क्यानं काय होतंय' याचं उत्तर बाईंना असं द्या. दरमहा दहा हजार, वीस वर्षं. हिशेबापुरता परतावा वर्षाला १२ टक्के धरला तर जवळपास ९९ लाख ९० हजार होतात. ११ टक्के धरला तर ८७ लाख ३६ हजार. एका टक्क्याचे साडेबारा लाख. तुम्ही खिशातून भरलेले एकूण चोवीस लाख, म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त. १२ टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, आकडा फक्त फरक दाखवायला घेतलाय.

माझ्याकडचा रेग्युलर फंडही असाच बँकेतून आलेला. कमिशन किती जातं हे मला कळलं ते सहामाही एकत्रित खातेउताऱ्यातून. मार्च आणि सप्टेंबरनंतर येणाऱ्या या उताऱ्यात तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला किती रुपये मिळाले ते लिहिलेलं असतं. टक्के नाही, रुपये. मी तो ईमेल वर्षानुवर्षं न उघडता ठेवून देत होतो. एकदा गाडीत बसून उघडला तर सहा महिन्यांचे ४,२०० रुपये. बँकेचा माणूस मला शेवटचा भेटला तो फॉर्मवर सही घ्यायला.

पण एक सांगतो, रेग्युलर म्हणजे लूट असं सरसकट म्हणणाऱ्यांतला मी नाही. आमच्या वहिनींचे एजंट काका आहेत, जुने ठाणेकर. २३ मार्च २०२० ला निफ्टी (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) एका दिवसात तेरा टक्क्यांच्या आसपास पडला, तेव्हा वहिनी सगळं विकून एफडीत टाकायला निघाल्या होत्या. काकांनी फोनवर अर्धा तास समजूत घातली आणि त्या थांबल्या. त्या अर्ध्या तासानं काकांचं पुढच्या कित्येक वर्षांचं कमिशन वसूल झालं. तुमच्या बाई असा फोन उचलतील का, की तोवर त्यांची बदली दुसऱ्या शाखेत झालेली असेल, हे तुम्हीच ठरवा.

आता स्ट्रॅटेजी. माझ्या मते हा खर्चापासून वेगळा प्रश्नच नाही. फंड मॅनेजरला फी कशाची? निर्देशांकात जे आपोआप मिळतं त्यापेक्षा वेगळं काहीतरी करण्याची. निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (निफ्टीतलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा) डायरेक्टमध्ये ०.२ टक्क्याच्या आसपास मिळतो. मग मॅनेजरनं निफ्टीतलेच शेअर निफ्टीच्याच प्रमाणात घेतले असतील तर तेवढ्या भागासाठी १.७ का द्यायचे?

लार्ज कॅप फंडात हे फार होतं, आणि त्यात मॅनेजरचाही पूर्ण दोष नाही. सेबीनं २०१७ मध्ये व्याख्या ठरवून दिल्या: बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, त्यापुढच्या स्मॉल कॅप. लार्ज कॅप म्हणवून घ्यायचं तर किमान ८० टक्के पैसे पहिल्या शंभरांतच ठेवायला हवेत. त्या शंभरांतल्या मोठ्या बँका, रिलायन्स, आयटी कंपन्या सगळ्यांना माहीत, सगळ्यांनी अभ्यासलेल्या. शिवाय एका शेअरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त टाकायचं नाही अशी मर्यादा. वेगळेपणा दाखवायला अंगणच लहान.

तर किती वेगळं आहे ते मोजायचं. प्रत्येक फंड दर महिन्याला आपले सगळे शेअर आणि त्यांची टक्केवारी जाहीर करतो, एक्सेल फाइल मिळते. तुमच्या फंडाची एक फाइल घ्या, निफ्टी ५० च्या एखाद्या इंडेक्स फंडाची दुसरी घ्या. जो शेअर दोन्हीकडे आहे त्याच्या दोन टक्केवारींपैकी लहान आकडा लिहा. एखादी बँक तुमच्याकडे ९ आणि निफ्टीत १२ टक्के असेल तर ९. दुसरी कंपनी तुमच्याकडे ६, तिकडे ४, तर ४. एकीकडेच असेल तर शून्य. सगळ्यांची बेरीज करा. ही बेरीज म्हणजे निफ्टीशी सारखा असलेला भाग. एका शनिवारच्या दुपारी मी माझ्या फंडाचं हे केलं, चहा दोनदा झाला, आणि बेरीज आली साठ.

म्हणजे शंभरातले साठ रुपये निफ्टीच. मॅनेजरचं डोकं चाललं ते चाळीस रुपयांवर. पण फी शंभरावर. इंडेक्स फंडापेक्षा मी दीड टक्का जास्त देत होतो (१.७ वजा ०.२), आणि हा दीड रुपया भरून काढायची सगळी जबाबदारी त्या चाळीस रुपयांवर. भागून बघा: पावणेचार टक्के. त्या चाळीस रुपयांनी निर्देशांकापेक्षा दरवर्षी पावणेचार टक्के जास्त कमावले, तर कुठे मी साध्या इंडेक्स फंडाच्या बरोबरीला येणार. पुढे जायची गोष्ट त्यानंतर. हाच फंड डायरेक्टमध्ये ०.८ ला असता तर ०.६ भागिले ४०, म्हणजे दीड टक्का. दीड टक्का चांगल्या मॅनेजरला जमू शकतो. दरवर्षी, वीस वर्षं पावणेचार? मला नाही वाटत.

बेरीज कमी आली म्हणजे फंड चांगला असं मात्र समजू नका. तीस आली तर मॅनेजर निफ्टीपेक्षा खूप वेगळा वागतोय एवढंच कळलं. तो वेगळा वागून चुकतही असेल.

'बॉटम-अप' वगैरे शब्दांचं म्हणाल तर ते सोडून द्या, सगळ्यांच्या फॅक्टशीटवर तेच असतात, लग्नपत्रिकेतल्या 'आग्रहाचे निमंत्रण'सारखे. त्याऐवजी टर्नओव्हरचा आकडा बघा. तो १०० टक्के असेल तर ढोबळमानानं वर्षभरात सगळा माल बदलला. 'दर्जेदार कंपन्या दीर्घकाळ सांभाळतो' असं लिहिणाऱ्याचा टर्नओव्हर १०० असेल तर त्याच्या कागदावर भरवसा ठेवायचा की आकड्यावर? आणि मघाशी म्हटलेली ती दलाली इथे वाढते, तुमच्याच पैशातून. तीन वर्षांपूर्वीची मासिक फाइल काढून आजच्या फाइलशेजारी ठेवली तरी मॅनेजरचा स्वभाव कळतो. मधल्या काळात मॅनेजरच बदललाय का तेही बघा, कारण मग मागचा परतावा दुसऱ्याच माणसाचा.

तुलना कशाशी केलीय तेही तपासा. निर्देशांकाच्या नावापुढे टीआरआय लिहिलेलं हवं, म्हणजे लाभांश धरून. फेब्रुवारी २०१८ पासून हे बंधनकारक आहे, पण बँकेतल्या रंगीत माहितीपत्रकात कोणी नुसता निफ्टी दाखवला तर फंड वर्षाला एक ते दीड टक्का उगाच हुशार दिसतो. राहिलेले वीस टक्के कुठे ठेवलेत तेही बघा. मिड कॅपमध्ये असतील आणि मिड कॅप धावत असतील, तर 'निर्देशांकाला मागे टाकलं' हे यश निवडीचं नाही, दुसऱ्या शर्यतीतला घोडा आणल्याचं आहे.

आता माझी चूक, तुम्ही करू नये म्हणून. ती बेरीज केल्यावर २०२१ मध्ये मी एका दुपारी रेग्युलरमधलं सगळं डायरेक्टला स्विच केलं. फंड तोच, मग कर कसला, असा माझा समज. हिशेबनीस असून! कायद्याच्या नजरेत ती विक्री आणि नवी खरेदी. एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळा मोजतात, त्यामुळे शेवटच्या वर्षातल्या हप्त्यांवर एक टक्का एक्झिट लोड (लवकर बाहेर पडल्याबद्दलची कपात) आणि अल्पकालीन नफ्याचा कर, आणि जुन्यांवर दीर्घकालीन. आता २३ जुलै २०२४ पासूनचे दर आहेत: बारा महिन्यांच्या आत २० टक्के, त्यानंतर १२.५ टक्के, पण शेअर आणि इक्विटी फंड मिळून वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त. मी धीर धरून दरवर्षी त्या मर्यादेत बसेल तेवढंच हलवलं असतं तर बराचसा कर वाचला असता. बायको अजून तो विषय काढते.

तुमचा एक फायदा असा की तुमचं अजून काही सुरूच झालेलं नाही, त्यामुळे बाहेर पडायचा खर्च शून्य. या शनिवारी त्या दोन फाइल उतरवून बेरीज करा. साठ-सत्तर आली तर मी तुमच्या जागी सरळ निफ्टीचा इंडेक्स फंड घेईन, तोही डायरेक्ट, कारण त्याचाही रेग्युलर प्लॅन असतो आणि तो महाग पडतो. चाळीसच्या खाली आली, टर्नओव्हर कमी असला आणि मॅनेजर पाच-सात वर्षं तोच असला, तर ०.८ टक्के देऊन तोच फंड घ्यायला माझी हरकत नसेल. १.७ द्यायचे असतील तर आधी बाईंना विचारा की बाजार पडला त्या दिवशी मी कुठल्या नंबरवर फोन करू. बेरीज किती आली ते इथे कळवा, फंडाचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल.