चाव्या तुझ्याकडेच का गं?

पत्र थोडक्यात असं आहे: "बारा वर्षं या चर्चच्या मंडळीत आहे. संडे स्कूल मीच घेते, क्वायरच्या फाइली मीच सांभाळते, चर्च उघडते पण मीच आणि बंद करते पण मीच. आजारी लोकांना भेटायला जाते, तिथे मात्र बरं वाटतं. आता संकल्प कार्ड आलंय, येत्या वर्षी वेळ किती देणार, कुठली सेवा करणार, दानार्पण किती, सगळं लिहून द्यायचंय. गेल्या वर्षी लिहिलेली रक्कमच मी पूर्ण देऊ शकले नाही, नोकरी बदलली, पगार कमी झाला. कार्ड पर्समध्ये तसंच पडून आहे. रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो. मी वाईट ख्रिस्ती आहे का? – थकलेली बहीण"

अगं, वाईट बिईट काही नाहीस, दमलीयस.

आधी पैशाचं बघू, ते सोपंय. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला काय लिहिलं ते बायबलमध्ये 2 करिंथ 8 मध्ये काढून बघ, माणसाजवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, जे नाहीच त्या मानाने नाही, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं असं व्हावं म्हणून मी हे सांगत नाहीये. संकल्प म्हणजे काय बँकेचा हप्ता नाही गं, मागची बाकी पुढच्या वर्षात ओढू नकोस. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देत असशील तर पगार कमी झाला की दशांश आपोआप कमी होतो, त्यात लाजायचं काय? फक्त खजिनदारांना स्पष्ट सांग की यंदा एवढंच जमेल. कार्डांवरच्या आकड्यांवर ते वर्षाचं बजेट बसवतात, त्यामुळे छोटा पण खरा आकडा त्यांच्या जास्त कामाचा.

आता चाव्या. तुझ्या पत्रात 'मीच' चार वेळा आलंय, मोजलं मी, रागावू नकोस. आपण कारभारी कारभारी म्हणतो ना, नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ओइकोनोमोस, म्हणजे दुसऱ्याच्या घराचा कारभार बघणारा, घर त्याचं नसतंच. कारभारी विश्वासू असावा असं 1 करिंथ 4:2 मध्ये आहे, तो एकटाच असावा असं मला तरी कुठे सापडलं नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे न्याय करत बसायचा तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, एकच दिवस बघितलं आणि म्हणाला हे काही बरं नाही, तू पण थकशील आणि ही लोकं पण थकतील (निर्गम 18). 'लोकं पण' हे आपण वाचताना सोडून देतो. तू सगळं धरून ठेवलंस की दुसऱ्या कुणाला काही करायला जागाच राहत नाही, आणि मग आपणच म्हणतो की कुणी पुढे येत नाही.

मी हे शहाणपण पुस्तकातून सांगत नाहीये. एका मंडळीच्या महिला संघाचं काम मी नऊ वर्षं सोडलं नव्हतं, माझ्याशिवाय बंद पडेल म्हणून. शेवटी आजारपणात सोडावं लागलं आणि ते छान चाललं, माझ्यापेक्षा बरंच. खरं सांगू, आनंदाच्या आधी मला रागच आला होता.

तर कार्ड भर. सेवेच्या जागी एकच लिही, आजाऱ्यांची भेट, कारण अख्ख्या पत्रात तू फक्त तिथेच खुश दिसतेस. संडे स्कूल एकदम टाकून येऊ नकोस, दोन तरुणांना सोबत घे, तीन महिने त्यांना शिकवू दे आणि तू मागे बस, पण तीन महिन्यांनी सोडायची तारीख आजच पाळकांना (पास्टरना) सांगून ठेव, नाहीतर तीन महिन्यांची तीन वर्षं होतात. चाव्या आणि फाइली कमिटीच्या हातात दे. कुणाला द्यायच्या ते त्यांना ठरवू दे, ते पण तूच ठरवत बसू नकोस. कुणी तोंड वाकडं केलं तर निर्गम 36 दाखव, देवाच्या उपासनेच्या मंडपासाठी लोकांनी इतकं आणलं की मोशेला छावणीत दवंडी पिटवावी लागली, पुरे झालं, आता आणू नका.

आणि त्यानंतरच्या रविवारी उपासनेला पाच मिनिटं उशिरा जा, मधल्या बाकावर बस. क्वायर बेसूर झाली तर होऊ दे, उठू नकोस.