वाचकांचे प्रश्न : सीडीरेकॉर्ड, वोडिम आणि दोन परवान्यांचा वाद

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयातील जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने डीव्हीडीवर उतरवून ठेवण्याचे काम मी लिनक्सवर करतो. हाताशी असलेल्या जुन्या पुस्तिकेत ‘सीडीरेकॉर्ड’ ही आज्ञा दिली आहे. ती दिली की ‘वोडिम’ नावाचाच प्रोग्रॅम सुरू होतो. नाव एकाचे आणि चालते दुसरेच, हा काय प्रकार आहे? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपल्या संगणकात काहीही बिघडलेले नाही. डेबियन आणि तिच्या पठडीतल्या लिनक्स वितरणांमध्ये (म्हणजे लिनक्सच्या तयार संचांमध्ये) ‘सीडीरेकॉर्ड’ हे नाव बरीच वर्षे केवळ वोडिमकडे नेणारा दुवा म्हणून ठेवलेले होते. आपण वोडिमला आवृत्ती विचारून पाहा. उत्तराची पहिली ओळ ‘सीडीरेकॉर्ड’ या शब्दानेच सुरू होते, आणि इतर प्रोग्रॅमांनी आपल्याला सीडीरेकॉर्डप्रमाणेच वापरावे म्हणून ही ओळ ओरडून सांगितली आहे, असे त्याच ओळीत नमूद केलेले असते. वोडिमचे स्वतःचे नाव दुसऱ्या ओळीत येते आणि त्याखाली, हे काम यॉर्ग शिलिंग यांच्या १९९५ ते २००६ या काळातील कामावर आधारलेले आहे, अशी नोंद असते. या चार ओळींत एका मोठ्या भांडणाचा सारा इतिहास साठलेला आहे.

सीडीवर लिहिण्याआधी फायलींची आयसो प्रतिमा, म्हणजे सीडीवरचा सारा मजकूर असलेली एकच फाईल, तयार करावी लागते. ते काम करणारा एमकेआयसोएफएस हा प्रोग्रॅम एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये लिहिला. ती प्रतिमा प्रत्यक्ष सीडी रायटरकडे पाठवणारा सीडीरेकॉर्ड हा प्रोग्रॅम बर्लिनच्या यॉर्ग शिलिंग यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे हे दोन्ही आणि गाण्यांच्या सीडीवरून आवाज उतरवून घेणारा आणखी एक प्रोग्रॅम मिळून सीडीआरटूल्स हा संच झाला. प्रत्येक कंपनीच्या रायटरच्या खोडी वेगळ्या असण्याच्या त्या काळात शिलिंग यांनी एकेका यंत्राशी झगडून हा संच उभा केला. लिनक्सवर सीडी लिहिणाऱ्या प्रत्येकाने, केथ्रीबीसारख्या चित्रे-बटणांच्या प्रोग्रॅममार्फत का होईना, त्यांच्या या कष्टांचा लाभ घेतलेला आहे, आणि वादाबद्दल काहीही बोलण्यापूर्वी हे मान्य करणे मला आवश्यक वाटते.

परवान्याचा प्रश्न उभा राहण्याआधीच मने कलुषित झालेली होती. रायटरचा पत्ता तीन आकड्यांनी द्यावा, असा शिलिंग यांचा आग्रह होता. उपकरणाच्या फायलीचे नाव दिले की पुरे, असे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.८ या कर्नलने (गाभ्याने) रायटरकडे थेट जाणाऱ्या आज्ञांवर गाळणी बसवली, आणि रूटचे (प्रशासकाचे) अधिकार नसलेल्या वापरकर्त्यांचे सीडीरेकॉर्ड अडू लागले. वितरणे आपापल्या परीने मूळ कोडमध्ये बदल करून तो बदललेला प्रोग्रॅम त्याच नावाने देत, आणि त्यातल्या दोषांच्या तक्रारी मात्र शिलिंग यांच्याकडे येत. त्यावर त्यांनी आवृत्ती छापणाऱ्या ओळींच्या शेजारी, या ओळी बदलण्यास वा काढण्यास परवानगी नाही, असा इशारा कोडमध्येच लिहून ठेवला आणि त्यासाठी जीपीएलच्या, म्हणजे हा संच तेव्हा ज्या मुक्त परवान्याखाली होता त्याच्या, दुसऱ्या कलमाचा आधार दिला. जीपीएलने दिलेल्या मोकळीकीवर ही वरून घातलेली जादा अट आहे, असे डेबियनच्या लोकांना वाटले. म्हणजे २००६ चा तंटा सुरू होण्याआधीच दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने पाहत होत्या.

मे २००६ मध्ये शिलिंग यांनी संचाचा बहुतेक भाग जीपीएलमधून काढून सन मायक्रोसिस्टिम्सच्या सीडीडीएल या परवान्याखाली आणला. एमकेआयसोएफएस मात्र जीपीएलखालीच राहिला, कारण त्यात यंगडेल आणि इतर अनेकांचे लेखन होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेबियनच्या काही विकासकांनी शेवटच्या जीपीएल आवृत्तीवरून सीडीआरकिट हा फोर्क (मूळ कोडवरून काढलेली वेगळी शाखा) काढला. त्यात सीडीरेकॉर्डच्या जागी वोडिम आणि एमकेआयसोएफएसच्या जागी जेनआयसोइमेज आले, आणि कंपाइल करण्याची, म्हणजे सोर्स कोडवरून चालता प्रोग्रॅम बनवण्याची, शिलिंग यांची यंत्रणा काढून तिथे सीमेक हे साधन बसवले गेले. आपल्या पुस्तिकेतली आज्ञा आणि पडद्यावरचे नाव यांच्यातले अंतर हे असे पडले आहे.

प्रश्न : सीडीडीएल आणि जीपीएल हे दोन्ही मुक्त परवाने आहेत, असे वर्गात शिकवले गेले. दोन्ही मुक्त असतील, तर एका प्रोग्रॅममध्ये ते एकत्र का नांदू शकत नाहीत? — अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : वर्गात शिकवलेले बरोबर आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने जानेवारी २००५ मध्ये सीडीडीएलला मान्यता दिली, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही त्याला मुक्तच परवाना मानते. जीपीएलशी मात्र तो जुळत नाही, असे ती संस्था त्याच दमात सांगते. अडचण मोकळीक किती दिली आहे याची नाही. ती मोकळीक पुढच्या माणसाकडे कोणत्या कागदाखाली गेली पाहिजे, याबद्दल दोघांचे हुकूम परस्परविरोधी आहेत.

सीडीडीएल हा मोझिलाच्या १.१ या परवान्यावरून बेतलेला आहे आणि तो फायलीच्या हिशेबाने चालतो. ज्या फायलीवर तो आहे, तिचा सोर्स कोड पुढे देताना तो याच परवान्याखाली दिला पाहिजे, दुसऱ्या कोणत्याही नाही. जीपीएल मात्र साऱ्या कृतीकडे एकसंध पाहतो. जीपीएलचा कोड ज्या प्रोग्रॅममध्ये आला, तो प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना संपूर्ण जीपीएलखाली दिला पाहिजे आणि त्यावर आणखी अटी लादता येत नाहीत. आता एकाच बायनरीत (कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये) दोन्ही प्रकारच्या फायली गुंफल्या, तर सीडीडीएलची फाईल जीपीएलखाली देता येत नाही आणि न दिल्यास जीपीएल मोडतो. अशी बायनरी इतरांना देण्याचा कायदेशीर मार्गच उरत नाही.

सीडीआरटूल्समध्ये ही गाठ नेमकी एमकेआयसोएफएसपाशी पडली. तो प्रोग्रॅम जीपीएलखाली, पण तो ज्या लायब्ऱ्यांशी (प्रोग्रॅमांना लागणाऱ्या तयार कोडच्या संचांशी) जोडला जातो त्या शिलिंग यांच्या आणि सीडीडीएलखालच्या. शिवाय तो ज्या मेकफाइलींनी (कंपाइल कसे करायचे ते सांगणाऱ्या फायलींनी) कंपाइल होतो, त्याही सीडीडीएलखालच्या. नुसता सीडीरेकॉर्ड घेतला असता, तर त्यातले लेखन शिलिंग यांचेच असल्यामुळे हा पेच पडला नसता. डेबियनने तो तेवढा ठेवून फक्त एमकेआयसोएफएसची जुनी आवृत्ती सांभाळली असती तरी चालण्याजोगे होते, असे माझे मत आहे; पण तोवर परस्परविश्वास संपलेला होता.

सीडीडीएल मुद्दामच जीपीएलशी न जुळणारा केला गेला का, असेही आपण पत्रात विचारले आहे. सनमध्ये पूर्वी काम केलेल्या डॅनीस कूपर यांनी २००६ च्या डेबियन परिषदेत तसे म्हटले होते, आणि सनचे त्या वेळचे अधिकारी सायमन फिप्स यांनी ते नाकारले. हेतू कोणताही असला तरी परवान्याचा मजकूर बदलत नाही. याच दोन परवान्यांमुळे २०१६ मध्ये उबुंटूने झेडएफएस ही फाइल यंत्रणा कर्नलच्या जोडीने द्यायचे ठरवले, तेव्हाही सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने हे जीपीएलचे उल्लंघन असल्याचे जाहीरपणे सांगितले होते.

प्रश्न : मग बरोबर कोण होते? आपल्याच कोडचा परवाना बदलण्याचा हक्क लेखकाला नसेल, तर तो कोणाला असणार? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो हक्क लेखकालाच आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे डेबियननेही तो कधी नाकारला नाही. सीडीरेकॉर्डचा परवाना शिलिंग बदलू शकत होते आणि त्यांनी तो बदलला. प्रश्न होता तो दुसऱ्याच्या लेखनाशी त्याची सांगड घालून ते वाटण्याचा.

शिलिंग यांची बाजू अशी होती : लायब्ऱ्या या स्वतंत्र कृती आहेत, त्या एमकेआयसोएफएसवरून घडवलेल्या नाहीत, म्हणून त्याच्या परवान्याचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मेकफाइली सोबत द्याव्यात एवढेच जीपीएल सांगतो, त्या जीपीएलखाली असाव्यात असे सांगत नाही. यातील पहिल्या मुद्द्यात तथ्य असू शकते. कोणती कृती कोणत्या कृतीवरून घडलेली मानायची, हे शेवटी प्रत्येक देशाचा स्वामित्वहक्क कायदा ठरवतो, आणि परवान्याच्या लेखकाला वाटले म्हणून ती रेषा पुढे सरकत नाही. दुसरा मुद्दा मात्र मजकुरापुढे टिकत नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे तिसरे कलम आपण स्वतः वाचून पाहावे. बायनरी देताना तिचा पूर्ण सोर्स कोड कलम १ व २ च्या अटींवर द्यावा, असे ते म्हणते, आणि पूर्ण सोर्स कोड म्हणजे काय हे सांगताना कंपाइल व स्थापना यांचे नियंत्रण करणाऱ्या स्क्रिप्टांचे नाव घेते. ज्या अटींवर सोर्स कोड द्यायचा त्याच अटींवर त्या स्क्रिप्टाही द्यायच्या, याखेरीज या वाक्याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

या वादावर कोणत्याही न्यायालयाने निकाल दिलेला नाही. म्हणून ‘सिद्ध झाले’ हा शब्द कोणत्याच बाजूने वापरू नये. पण जीपीएल म्हणजे नुसती सदिच्छा, असे समजण्याचीही सोय तेव्हा उरलेली नव्हती. नेटफिल्टर या लिनक्समधील फायरवॉल प्रकल्पाच्या प्रकरणात म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्येच जीपीएलच्या अटी बंधनकारक धरल्या होत्या. जगभरच्या आरशांवरून (मिरर सर्व्हरांवरून) हजारो पॅकेजे वाटणाऱ्या डेबियनसारख्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने अशा वेळी, लेखक स्वतः काही बोलत नाही तोवर चालेल, या भरवशावर राहणे योग्य नव्हते. शिलिंग यांनी हरकत घेतली नसती, पण एमकेआयसोएफएसमधल्या इतर लेखकांच्या वतीने ते हमी देऊ शकत नव्हते. म्हणून थांबण्याचा डेबियनचा निर्णय मला योग्य वाटतो.

त्यानंतर जे झाले, ते मात्र मला समर्थनीय वाटत नाही. सीडीआरकिटची १.१.११ ही आवृत्ती २०१० मध्ये आली आणि काम तिथेच थांबले. दरम्यान डीव्हीडीसाठी पूर्वी स्वतंत्रपणे व सोर्स कोडविना दिला जाणारा आपला कोडही शिलिंग यांनी खुला केला होता आणि त्यांच्या संचात सुधारणा होत राहिल्या होत्या. वितरणांच्या वापरकर्त्यांच्या वाट्याला मात्र थांबलेला फोर्क आला, आणि तोही जुन्या नावाच्या दुव्याआडून. फोर्क काढण्याचा हक्क मुक्त परवाना सर्वांना देतो, परंतु ज्याने फोर्क काढला त्याने दोषांच्या तक्रारी वाचण्याची जबाबदारीही उचललेली असते. मूळ नाव दुव्यात ठेवल्यामुळे वोडिमचे दोष सीडीरेकॉर्डच्या खात्यावर मांडले गेले, आणि हा शिलिंग यांच्यावरचा अन्याय होता. या एका बाबतीतला त्यांचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो.

प्रश्न : मी सीडीआरटूल्सचा सोर्स कोड उतरवून घरच्या संगणकावर कंपाइल केला आहे. मी काही बेकायदा केले का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. प्रोग्रॅम चालवण्यावर जीपीएल कोणतेही बंधन घालत नाही; त्याच्या अटी लागू होतात त्या दुसऱ्याला प्रत देताना. सीडीडीएलखालचा भागही आपण निर्धास्त वापरावा. कंपाइल केलेला एमकेआयसोएफएस मित्रांना पेनड्राइव्हवर देण्यापेक्षा त्यांना मूळ सोर्स कोड कुठे मिळतो ते सांगावे.

प्रश्न : यॉर्ग शिलिंग यांचे निधन झाल्याचे वाचले. आता त्यांच्या कोडचा परवाना कोण बदलू शकेल? आणि आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणते साधन घ्यावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : शिलिंग यांचे निधन ऑक्टोबर २०२१ मध्ये झाले. स्वामित्वहक्क लेखकाबरोबर संपत नाही. तो वारसांकडे जातो आणि जर्मनीत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतात आणि ती मुदत ६० वर्षांची आहे. परवाना बदलायचाच झाला, तर वारसांची संमती लागेल. दिलेली परवानगी मात्र कायम आहे, आणि त्याच परवानगीच्या बळावर काही स्वयंसेवकांनी त्यांच्या साधनांची देखभाल पुढे चालू ठेवली आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने झोरिसो हा प्रोग्रॅम घ्यावा. थॉमस श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लिबबर्निया प्रकल्पाने सीडीवर लिहिणाऱ्या आणि आयसो प्रतिमा बनवणाऱ्या लायब्ऱ्या शिलिंग यांच्या कोडचा आधार न घेता लिहिल्या आणि त्या जीपीएलखाली ठेवल्या, त्यामुळे वरील वादाची छाया त्यांच्यावर पडत नाही. डेबियनच्या स्वतःच्या प्रतिष्ठापन प्रतिमाही आता झोरिसोनेच बनतात. जुन्या आज्ञा अंगवळणी पडलेल्यांसाठी त्याच प्रकल्पाचा सीडीआरस्किन हा प्रोग्रॅम आहे. तो सीडीरेकॉर्डचे पर्याय ओळखतो.

सिन्नरच्या वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे. वाचनालयाचे अंक एकदाच स्कॅन होणार असतील, तर झोरिसोमध्ये एमडी५ नोंदी (मजकूर बिघडला का ते ओळखण्याच्या खुणा) ठेवण्याचा पर्याय चालू करूनच डीव्हीडी लिहावी आणि लिहून झाल्यावर त्याच्याच तपासणीच्या आज्ञेने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून घ्यावी. ही तपासणी दरवर्षी करावी, आणि एखादा भाग वाचण्यास त्रास देऊ लागला, तर त्याच आठवड्यात नवी प्रत काढावी.