मांजराचं आजारपण आणि निरोप: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत म्हाताऱ्या आणि आजारी मांजरांबद्दलची पत्रं बरीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. औषधांची नावं वाचून डोस मात्र स्वतः ठरवू नका. वजन आणि रक्ततपासणी बघून तो तुमच्या पशुवैद्यांनीच ठरवायचा असतो.

आमची मनी चौदा वर्षांची. पाणी फार पिते, वाळत चालली आहे, म्हणून रक्त तपासलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा कचरा) ३.८ आलं. मूत्रपिंडाचा जुना आजार आहे म्हणाले. महिन्याभरापूर्वी तर ती ठणठणीत होती, आमच्या लक्षात कसं आलं नाही? आता घरी सलाईन द्यायला सांगितलंय आणि सुई हातात घेतली की हात कापतो.

लक्षात आलं नाही, कारण येण्यासारखं काही नव्हतं. मूत्रपिंडाचा दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत मांजराची लघवी पातळ व्हायला लागत नाही, आणि क्रिएटिनिन वाढतं ते जवळजवळ तीन चतुर्थांश भाग गेल्यावर. त्यात मांजर दुखणं लपवतं. म्हणून स्वतःला बोल लावू नका. ३.८ हा आकडा चार टप्प्यांपैकी तिसऱ्या टप्प्यातला. पण अंगातलं पाणी कमी झालं असेल तरी तो फुगतो, त्यामुळे थोडे दिवस सलाईन दिल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय टप्पा नक्की धरू नका. रक्तदाबही मोजून घ्या. या आजारात तो वाढतो आणि मांजराची दृष्टी एका रात्रीत जाऊ शकते. गोळीने तो आटोक्यात राहतो.

आता सलाईन. हे शिरेतून द्यायचं नसतं, कातडीखाली द्यायचं असतं, त्यामुळे शीर सापडण्याची धास्ती नाही. बहुतेकदा रिंगर लॅक्टेट देतात. ग्लुकोज असलेली बाटली कातडीखाली चालत नाही. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण १०० ते १५० मिली, रोज किंवा एक दिवसाआड. पण हृदयाचा त्रास असेल तर हे प्रमाणही जास्त होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला आकडाच धरा.

बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, आत कुठेतरी चटका बसण्याइतकं गरम राहतं. पाणी कुठपर्यंत उतरवायचं तिथे बाटलीवर आधीच पेनाने रेघ मारा. बाटली मांजरापासून तीन-चार फूट उंच टांगा. सुई १८ किंवा २० नंबरची घ्या. बारीक सुई कमी टोचेल असं वाटतं, पण तिच्यातून पाणी इतकं हळू जातं की मांजर कंटाळून उठतं आणि खरी झटापट तिथे होते. नळीतून थोडं पाणी सोडून हवा काढून टाका. चुकून थोडी हवा कातडीखाली गेलीच, तर तिथे बोटाला चरचर लागते, धोका काही नाही.

मनीला तिच्या नेहमीच्या जागी, तोंड तुमच्यापासून दुसरीकडे करून बसवा. दोन्ही खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तिचा छोटा तंबू होतो. सुईचं तिरपं तोंड वर ठेवून तंबूच्या पायथ्याशी, पाठीच्या कण्याला समांतर, एका दमात आत सारा. घाबरत हळूहळू टोचलं तर जास्त दुखतं. चिमूट सोडा, नळीवरचा चाप उघडा. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे, किंचित मागे घ्या. धार थांबली तर सुई पाव वळण फिरवा. बहुतेक वेळा तिचं तोंड कातडीला आतून चिकटलेलं असतं. सुई काढल्यावर ती जागा मिनिटभर दाबून धरा. एखादा थेंब पाणी किंवा रक्त आलं तर चालतं.

पाण्याचा फुगा दिसेल, तो ओघळून एका पायाकडेही जाईल. दुसऱ्या दिवसापर्यंत तो जिरायला हवा. जिरला नसेल तर पुढचं सलाईन देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. सुई दर वेळी नवी. वापरलेली जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका. सलाईन गढूळ दिसलं तर बाटली फेकून द्या.

आणि रोज एक गोष्ट मोजा. मनी गाढ झोपलेली असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असे अर्ध्या मिनिटात किती श्वास होतात ते मोजून दुप्पट करा. मिनिटाला तीसपेक्षा कमी हवेत. सलाईन सुरू असताना आकडा सारखा तिशीच्या वर जायला लागला, तर छातीत पाणी साचत असू शकतं. त्याच दिवशी कळवा. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, तर तडक दवाखाना गाठा.

बोका कालपासून जेवत नाही. बशीपाशी येतो, वास घेतो आणि परत जातो. चमच्याने भरवावं का?

वास घेऊन परत जाणं, जिभल्या चाटणं, लाळ गळणं ही मळमळीची लक्षणं आहेत. भूक लागलेली असते, पण अन्न समोर आलं की ढवळतं. जबरदस्तीने भरवलं तर ते अन्न आणि ती मळमळ यांची मांजराच्या डोक्यात सांगड बसते आणि बरं वाटल्यावरही ते त्या अन्नाला तोंड लावेनासं होऊ शकतं. याच कारणाने औषध आवडत्या खाण्यात लपवू नका. मूत्रपिंडासाठीचं खास खाणं सुरू करायचं असेल तर तेही मळमळ थांबल्यावरच. आणि त्याने ते नाकारलंच, तर काहीच न खाण्यापेक्षा नेहमीचं खाल्लेलं बरं.

आधी मळमळीचं औषध हवं. मॅरोपिटंट त्यासाठी देतात. भूक वाढवायला मिर्टाझेपिन असतं, ते कानाच्या आतल्या कातडीला चोळायच्या मलमातही मिळतं. मलम लावताना हातमोजे घाला, नाहीतर औषध तुमच्या अंगात जातं. घरी करण्यासारखं म्हणजे अन्न अंगाइतकं कोमट करा. मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं आणि गार अन्नाला वास नसतो. पसरट बशीत चमचाभरच वाढा, दहा-पंधरा मिनिटांनी बशी उचला.

मांजर २४ तास जेवलं नाही तर डॉक्टरांना कळवायचं, तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. उपाशी मांजराची, विशेषतः लठ्ठ मांजराची, अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि मूळ आजार बाजूला राहून यकृत बंद पडायला लागतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. त्याच्या निम्म्याही पोटात जात नसतील, तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवायचा विचार करा. ऐकायला भयंकर वाटतं, पण मांजरं ती नळी छान सहन करतात आणि तोंड उघडून गोळ्या कोंबण्याचा रोजचा छळ दोघांचाही वाचतो.

बोका लघवीच्या जागी पुन्हा पुन्हा बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर तासांचा हिशेब असतो. रात्र असली तरी न्या.

दुखत असेल तर पॅरासिटामोलची पाव गोळी चालेल का?

नाही. पाव नाही, तुकडाही नाही. हे औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्त प्राणवायू वाहीनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. कुणी आधीच दिलं असेल तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या आणि किती दिलं ते सांगा. लवकर पोचलं तर उतारा असतो. आयबुप्रोफेनही देऊ नका.

‘वेळ आली की ती स्वतःच सांगेल’ असं सगळे म्हणतात. आमच्या चिंगीला गाठ आहे, उपचार थांबवलेत. ती काहीच सांगत नाही. मांडीवर घुरघुरतेसुद्धा. कसं ठरवायचं?

मांजर सांगत नाही. त्या वाक्यावर विसंबून पुष्कळ मांजरांचे शेवटचे दिवस फार हालात गेले आहेत. घुरघुरणंही आनंदाचंच असतं असं नाही, वेदनेत असलेलं मांजरही घुरघुरतं. चेहरा बघा: कान बाहेरच्या बाजूला फिरलेले, डोळे अर्धवट मिटलेले, मिशा ताठ, नाकाडाभोवती ताण, डोकं खांद्यांच्या खाली गेलेलं. ही वेदनेची चिन्हं आहेत आणि पशुवैद्य यांवरूनच मोजमाप करतात.

ॲलिस व्हिलालोबोस या पशुकर्करोगतज्ज्ञांनी घरच्यांसाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना (श्वासाचा त्रासही यातच), भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, मनाची उभारी, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. दहा म्हणजे उत्तम. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवायला हरकत नाही. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्या, मग ताडून पाहा. रोज जवळ बसणाऱ्याला हळूहळू झालेली घसरण दिसत नाही. बेरीज ठीक असली तरी श्वास लागत असेल किंवा वेदना औषधाला दाद देत नसेल, तर तेवढं एकच कारण पुरेसं धरा.

सोबत चिंगीच्या तीन आवडत्या गोष्टी लिहून काढा. खिडकीत बसणं, अंग चाटून साफ करणं, दाराशी येणं, जे तिचं असेल ते. कॅलेंडरवर दिवस चांगला की वाईट याची खूण करा. तीनपैकी दोन गोष्टी सुटल्या आणि सलग वाईट खुणा दिसू लागल्या, की शांत मरण देणाऱ्या इंजेक्शनच्या तारखेबद्दल डॉक्टरांशी बोला. आमचं मत स्पष्ट आहे: मध्यरात्री, तडफडत, अनोळखी दवाखान्यात जाण्यापेक्षा थोडे दिवस आधी, शांतपणे गेलेलं बरं. ‘घाई केली’ याची खंत माणसाला वाटते. उशिराचे हाल मात्र मांजर सोसतं.

काही घरांना इंजेक्शन मान्य नसतं. मग वेदनाशामकाची सोय पक्की करा. ब्युप्रेनॉर्फिन हिरडीवर सोडता येतं, ते डॉक्टरांकडून आणून ठेवा. पण आपोआप येणारा मृत्यू झोपेतलाच असेल असं धरून चालू नका.

इंजेक्शन देताना नक्की काय होतं? जवळ थांबावं का?

आधी गुंगीचं इंजेक्शन. पाच ते पंधरा मिनिटांत मांजर गाढ झोपतं. क्वचित त्याआधी उलटी होते. तुमचा निरोप या वेळात घ्या. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. लघवी होऊ शकते, स्नायू फडफडतात, एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं दिसतं. हे सगळं जाणीव गेल्यानंतरचं आहे. आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो आणि ‘तिला कळत होतं’ असं समजून वर्षानुवर्षं झुरतो, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं. गुंगी चढेपर्यंत ओळखीचा हात आणि आवाज जवळ असावा. त्यापुढचं बघवत नसेल तर बाहेर गेलात तरी चालेल.

काही तासांत शरीर ताठरतं, त्याआधी पाय दुमडून, खाली टॉवेल घालून ठेवा. पुरणार असाल तर किमान तीन फूट खोल, विहीर किंवा ओढ्यापासून लांब. ते औषध शरीरात टिकून राहतं आणि उकरून खाणारा प्राणी मरू शकतो.

आमची मांजर गेली. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला काय सांगू? आणि दुसरा बोका घरभर ओरडत फिरतो आहे.

मुलीला ‘झोपली’ किंवा ‘गावाला गेली’ म्हणू नका. मूल झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत बसतं. ‘तिचं शरीर फार आजारी होतं, ते बंद पडलं, ती मेली, परत येणार नाही’ एवढं सरळ सांगा. ‘माझ्यामुळे का?’ हा प्रश्न ती विचारो न विचारो, ‘नाही, तुझ्यामुळे नाही’ हे आपणहून सांगा.

बोका शोधतो आहे. जेवणाच्या, खेळण्याच्या वेळा होत्या तशाच ठेवा. गेलेल्या मांजरीची गोधडी लगेच धुऊ नका. त्याचं वजन दर आठवड्याला करा. चार किलोतले २०० ग्रॅम घटले तरी ती घट मोठी आहे. जेवण सुटलं तर २४ तासांचा नियम त्यालाही लागू. सोबतीला लगेच नवं मांजर आणू नका, शोक बाजूलाच राहतो आणि हद्दीची भांडणं सुरू होतात.

तीन महिन्यांचं पिल्लू पॅनल्यूकोपेनियाने (मांजरांचा जीवघेणा, विषाणूने पसरणारा आजार) गेलं. नवं पिल्लू कधी आणता येईल?

हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. आधी साबणाने घाण पूर्ण काढा, कारण घाणीत ब्लीच निकामी होतं. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, रोज ताजं कालवून, पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहील असं लावा. खिडक्या उघड्या ठेवा, ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. गादी, गालिचा, लाकडी खाजवणी यांत ब्लीच मुरत नाही, त्या टाकून द्या. मातीची कुंडीही.

एवढं करूनही वर्षाच्या आत लहान पिल्लू आणणं जोखमीचं आहे. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालते आणि तोवर संरक्षण अर्धवट असतं. मांजर आत्ताच हवं असेल तर सगळ्या लसी झालेलं मोठं मांजर आणा, शेवटच्या लसीला दोन आठवडे होऊन गेल्यावर.