ऑटिझम असलेला मुलगा लस घेताना खूप घाबरतो, काय करावं?

ताई, तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा, मागच्या वेळी चौघांनी धरून इंजेक्शन दिलं आणि आता बूस्टर आलाय, हे वाचून पोटात गोळाच आला. आमच्याकडे अगदी हेच झालंय. माझा मुलगा आता आठ वर्षांचा आहे, मोजकंच बोलतो. पाचव्या वर्षी त्याला टेबलावर आडवं करून धरलं होतं, त्यानंतर कितीतरी महिने पांढरा कोट दिसला की कानांवर हात ठेवून खाली बसायचा. सुई काही सेकंदांचीच होती पण ते धरणं त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून आधी हे शोधा की त्याला नक्की काय सहन होत नाही. आम्ही घरी खेळण्यातली सिरिंज घेऊन डॉक्टर-डॉक्टर खेळलो, तर सिरिंज त्याने शांतपणे लावून घेतली आणि दंडावर ओला कापूस फिरवला तसा किंचाळला! तो गार ओला स्पर्श, वर स्पिरिटचा वास, आणि आम्ही इतके दिवस सुईलाच धरून बसलो होतो. मग रोज संध्याकाळी साध्या पाण्याचा कापूस, आधी त्याने माझ्या दंडाला लावायचा मग मी त्याच्या. पंधरा दिवसांनी स्वतःच बाही वर करायला लागला. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, वाट बघणं, दुसऱ्या मुलांचं रडणं, शर्ट काढणं, काहीही.

दुसरं म्हणजे खोटं बोलू नका. 'काही दुखत नाही' म्हटलं आणि दुखलं की पुढच्या वेळी तो तुमच्यावर विश्वास कसा ठेवेल? आम्ही फोटो दाखवायचो, दार, खुर्ची, कापूस, सुई, पट्टी आणि शेवटी झोका, आणि सांगायचो की टोचेल, दहा आकडे मोजू, मग झोका. सुईचा फोटो गाळला नाही.

डॉक्टरांना आधी फोन करा, दिवसातली पहिली वेळ मागा, बाहेरच थांबतो बोलावलं की सरळ आत येतो असं सांगा. जागा बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मिळतं, साधारण तासभर आधी लावावं लागतं, पण किती आणि कुठे ते डॉक्टरांनाच विचारा, आणि त्यावर प्लास्टिकची पट्टी लावतात ती त्याला चालते का ते आधी घरी बघा. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायला सांगा, ओल्यावर टोचलं तर जास्त चुरचुरतं. झोपवू नका, मांडीवर छातीशी धरून बसवा. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलंय, मूल आईवडिलांजवळ, बसलेलं, आणि एकापेक्षा जास्त लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी.

आणि तुम्ही शेवटी जे हळूच विचारलंय, की लसीमुळेच तर त्याला ऑटिझम झाला नाही ना. नाही हो. ज्या शोधनिबंधावरून ही भीती सुरू झाली तो 1998 चा, फक्त 12 मुलांवरचा, तो 2010 मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टर वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढलं. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला, त्यातही एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही, हा विचार मनातून काढून टाका.

लस झाल्यावर थोडा वेळ तिथेच थांबवतात, तेही आधी सांगून ठेवा, हेडफोन सोबत न्या. घरी आल्यावर ताप बघत राहा, कारण दुखतंय हे ही मुलं सांगतीलच असं नाही, माझा तर त्या रात्री फक्त एका कुशीवर झोपत नव्हता, त्यावरून कळलं.

पहिल्या खेपेला आम्ही खुर्चीपर्यंतच पोचलो आणि परत आलो. तुमचंही तसं झालं तर जबरदस्ती करू नका, निघण्याआधी पुढची जवळची तारीख मात्र तिथेच घ्या.